सव्वीस खुनांचा स्तंभलेखक

न्यू ऑर्लिन्सच्या स्टेशनात मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटायला तयार नाही. 8 जुलै 1889 ही तारीख नुकतीच लागली आहे. तुमच्या हातात एका खास गाडीचं तिकीट आहे, पण गाडी कुठे जाणार हे त्यावर छापलेलं नाही. कुणाला विचारूही नका, फार चौकशी करणारा माणूस आज इथे पोलिसांचा खबऱ्या ठरेल. जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन यांची झुंज आज होणार आहे. दोन्ही बाजूंनी दहा-दहा हजार डॉलर लागले आहेत, आणि आजूबाजूच्या राज्यांचे गव्हर्नर ती आपल्या हद्दीत होऊ द्यायला तयार नाहीत. त्यामुळे ठिकाण फक्त आयोजकांना ठाऊक. फुकटे टपावर चढतात, उतरवले जातात, गाडी हलली की पुन्हा चढतात. तुम्ही खिडकीपाशी जागा धरा आणि पाकीट आतल्या खिशात ठेवा.

उजाडतं तेव्हा तुम्ही मिसिसिपीतल्या पाइनच्या जंगलात असता. गावाचं नाव रिचबर्ग. चार्ल्स रिच नावाच्या आरागिरणीवाल्याने आपल्याच ओल्या लाकडाच्या फळ्या ठोकून घाईघाईत गॅलऱ्या उभ्या केल्यात. उन्हं वर येतील तशी या फळ्यांतून राळ पाझरायला लागेल, तेव्हा बूड टेकण्याआधी खाली वर्तमानपत्र पसरा. दुपारपर्यंत इथे इतकं तापेल की सुलिव्हन-किलरेनच्या पाठी भाजून निघतील. हातमोजे नाहीत. मोकळ्या मुठींनी होणारी विश्वविजेतेपदाची ही शेवटची मोठी झुंज आहे, पण ते आज इथे कुणालाच माहीत नाही.

आता सुलिव्हनकडे बघू नका. त्याच्याकडे सगळेच बघताहेत. किलरेनच्या कोपऱ्यात हातात घड्याळ घेऊन बसलेला गृहस्थ पाहा. मध्यम उंची, भरलेलं अंग, मिशा, डोक्यावर गोल बोलर हॅट, चालताना किंचित लंगडतो. हा बॅट मास्टरसन. वय 35. किलरेनच्या बाजूचा वेळ मोजणारा.

हे काम क्षुल्लक वाटतं का? मग नियम ऐका. या पद्धतीत फेरीला ठरावीक मिनिटं नसतात. एक जण खाली पडला की फेरी संपली. मग तीस सेकंद विश्रांती, आणि त्यापुढच्या आठ सेकंदांत मधल्या रेघेपाशी येऊन उभं राहायचं. नाही जमलं, हरलात. फेरी काही सेकंदांत आटपू शकते, नाहीतर मिनिटांमागून मिनिटं लांबू शकते. म्हणजे जीव एकवटायला मिळणारा सगळा वेळ त्या घड्याळावर. घड्याळवाल्याने दोन सेकंद इकडचे तिकडे केले तर अर्धमेला माणूस उभा राहतो, किंवा उभा राहू शकणारा हरतो. म्हणून दोन्ही बाजू आपापला घड्याळवाला आणतात. कुणाचा कुणावर विश्वास नाही, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही.

पंचाहत्तर फेऱ्या होतात. दोन तास सोळा मिनिटं. चव्वेचाळिसाव्या फेरीत सुलिव्हनला उलटी होते. पोटात चहा होता आणि व्हिस्की होती, त्यातला चहा तेवढा बाहेर आला, असा विनोद पुढे कित्येक वर्षं चालेल. किलरेन विचारतो, बरोबरीत सोडवायची का? सुलिव्हन नाही म्हणतो. शहात्तराव्या फेरीआधी किलरेनचा माणूस माइक डोनोव्हन पोरगा मरेल या भीतीने स्पंज आत फेकतो. सगळं संपतं. मास्टरसन घड्याळ मिटून खिशात टाकतो.

परतीच्या गाडीत शेजारचा प्रवासी तुमच्या कानाशी येतो. ‘तो घड्याळवाला पाहिलात ना? त्याने सव्वीस माणसं मारली आहेत.’

हा आकडा ध्यानात ठेवा. या माणसाच्या मागे तो आयुष्यभर लागलेला आहे, आणि मला तुम्हाला फिरवायचंय ते त्या आकड्यासाठीच.

आकड्याच्या जन्मगावी जायचं तर आठ वर्षं मागे, 1881 सालात, कोलोरॅडोतल्या गनिसन नावाच्या खाणवस्तीत चला. पूर्वेकडून ‘न्यूयॉर्क सन’चा एक वार्ताहर आलाय आणि त्याला रानटी पश्चिमेच्या खऱ्याखुऱ्या गोष्टी हव्या आहेत. कॉकरेल नावाचे एक डॉक्टर त्याला जवळच उभा असलेला तरुण दाखवतात आणि सांगतात, हा बॅट मास्टरसन, याने सव्वीस जण लोळवलेत. पुढे तपशील. कुणाला कसा मारला, कुणाची मुंडकी कापून पोत्यात भरून आणली, सगळं. डॉक्टरसाहेब पाहुण्याची फिरकी घेत होते. वार्ताहराने शब्दन्‌शब्द उतरवून घेतला आणि ‘सन’ने छापला. मग इतर पत्रांनी तो उचलला. काही दिवसांनी कॅन्सस सिटीच्या एका वार्ताहराने खुद्द मास्टरसनला गाठून विचारलं, तेव्हा याने हो म्हटलं नाही आणि ठणकावून नाहीही म्हटलं नाही. हे लक्षात घ्या. ज्याला पुढे बातमीदार व्हायचं होतं त्याची बातमीशी पहिली ओळख ही अशी.

मग खरं किती? दोन ठिकाणी धावती भेट देऊ.

27 जून 1874. टेक्सासच्या उत्तर टोकाला अ‍ॅडोब वॉल्स नावाचं ठाणं, मातीच्या भिंतींची चार-दोन घरं. आत 28 पुरुष आणि एक बाई. पुरुष बहुतेक बायसनचे शिकारी, आणि मास्टरसन त्यांतल्या कोवळ्यांपैकी एक, विशीचा. मध्यरात्री छपराचा आढा कडाडल्याच्या आवाजाने काही जण जागे होतात, म्हणून पहाटे हल्ला आला तेव्हा ते झोपेत सापडत नाहीत. कोमांची, कायोवा आणि शायान जमातींचे शेकडो घोडेस्वार, पुढे क्वाना पार्कर. शिकाऱ्यांच्या लांब पल्ल्याच्या बंदुकांपुढे त्यांचं चालत नाही. इथे भिंतीआड दडून तुम्हाला शिकाऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटेल, कारण गोळ्या तुमच्या दिशेने येताहेत. पण बाहेरच्यांचं म्हणणं साधं होतं. या पट्ट्यात गोऱ्या शिकाऱ्यांनी येऊ नये असं तहात मान्य झालं होतं, आणि ज्या बायसनवर त्यांचं पोट होतं ते कातड्यांसाठी सोलून मैदानात कुजत पडत होते. मास्टरसनच्या साहसांची सुरुवात या धंद्यातून आहे. त्याच्या चाहत्यांच्या लिखाणात ही बाब दोन ओळींत उरकलेली असते.

दुसरं ठिकाण स्वीटवॉटर, टेक्सास, 24 जानेवारी 1876 ची रात्र. दारूचा गुत्ता, घोडदळातला किंग नावाचा शिपाई आणि मॉली ब्रेनन नावाची मुलगी. किंग गोळी झाडतो, मॉली मरते, मास्टरसनच्या कमरेत गोळी घुसते, मास्टरसनच्या गोळीने किंग जातो. लंगडेपणा इथला. नेमकं काय घडलं याच्या इतक्या आवृत्त्या आहेत की तुम्ही तिथे हजर असूनही, धुरात, तुम्हाला सांगता येणार नाही.

डॉज सिटीत मी तुम्हाला फार रेंगाळू देणार नाही. त्यावर सिनेमे पुष्कळ झालेत. 1877 साली तो तीन मतांनी निवडून येऊन फोर्ड काउंटीचा शेरीफ झाला. पुढच्या एप्रिलात त्याचा थोरला भाऊ एड, डॉजचा मार्शल, एका दारुड्याच्या गोळीने मेला. शेरीफगिरी दोन वर्षांत संपली. त्यानंतर त्याचं पोट भरलं ते फारोच्या टेबलावर. फारो म्हणजे त्या काळचा पत्त्यांचा जुगार. जुगारी माणूस जिथे पैसा लागतो तिथे जातो, आणि तेव्हा पैसा लागत होता तो घोड्यांवर आणि मुष्टियुद्धावर. रिंगपाशी तो पोचला तो असा.

आता पटकन 21 फेब्रुवारी 1896. आज बॉब फिट्झसिमन्स आणि पीटर माहर यांची झुंज आहे, आणि टेक्सासच्या गव्हर्नरने अशा झुंजी रोखण्यासाठी आधीच विधिमंडळाचं खास अधिवेशन घेऊन कायदा केलाय. डॅन स्टुअर्ट हा आयोजक हार मानणारा नाही. एल पासोहून तुम्ही रात्रभर गाडीने प्रवास करता, बरोबर टेक्सास रेंजर्स आहेत, त्यांनाही कुठे जायचंय ते ठाऊक नाही. लँगट्री नावाच्या आडगावी सगळे उतरतात. तिथला न्यायाधीश रॉय बीन हाच दारूच्या दुकानाचाही मालक. तो आधी तुम्हाला बिअर विकतो, भाव बघून डोळे पांढरे होतात. मग तुम्ही दरीतून खाली रिओ ग्रांदेच्या पात्रात उतरता आणि पूल ओलांडून वाळूच्या एका बेटावर येता. बेट मेक्सिकोच्या हद्दीत. रेंजर्स अलीकडच्या कड्यावर उभे राहून फुकटात सामना बघतात, त्यांना काही करताच येत नाही. मास्टरसन रिंगपाशी बंदोबस्ताला आहे. चलच्चित्र घ्यायला एक यंत्रही आणलंय, पण आभाळ भरून आलेलं, उजेड नाही.

झुंज 95 सेकंदांत संपते. फिट्झसिमन्सचा एक ठोसा आणि माहर आडवा. शेकडो मैलांचा प्रवास, कायदा, दरी, पूल, आणि दीड मिनिटात घरी चला. तुम्ही चिडाल. मास्टरसन चिडत नाही. त्याच्या लेखी सामना खरा होता की नाही, एवढाच प्रश्न.

इथे त्याच्या डेन्व्हरमधल्या दिवसांबद्दल सांगायला हवं. लिहायला त्याने तिथे सुरुवात केली, ‘जॉर्जेस वीकली’ नावाच्या पत्रात मुष्टियुद्धावर. शिवाय तो झुंजी भरवायचा, पंच व्हायचा, पैजाही लावायचा. एकाच माणसाने आयोजक, पंच, सट्टेबाज आणि समीक्षक असावं यात आज आपल्याला घोटाळा दिसतो, तेव्हा कुणाला दिसत नव्हता. ‘डेन्व्हर पोस्ट’चा क्रीडासंपादक ऑटो फ्लोटो हा आधी त्याचा भागीदार, मग वैरी. दोघे एकमेकांवर छापून तुटून पडत. एकदा भर रस्त्यात गाठ पडली तेव्हा मास्टरसनने लेखणीऐवजी काठी वापरली आणि धिप्पाड फ्लोटोने पळ काढला. क्रीडा पत्रकारितेच्या बालपणातलं हे दृश्य वृत्तविद्येच्या वर्गात शिकवायला हरकत नाही.

1902 च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला येतो आणि आल्या आल्या पोलीस त्याला पकडतात. आरोप जुगारातल्या फसवणुकीचा. तो टिकत नाही, पण विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचा दंड भरावा लागतो. ज्याने अख्खी तरुणाई कमरेला पिस्तूल लावून काढली त्याला मॅनहॅटनमध्ये त्याबद्दल दंड. अशा माणसाला नोकरी कोण देणार? ‘मॉर्निंग टेलिग्राफ’. शर्यती, नाटकं आणि रिंग यांना वाहिलेलं हे पत्र विल्यम लुइस चालवतो. विल्यमचा भाऊ आल्फ्रेड हेन्री लुइस कादंबरीकार, आणि तो मास्टरसनवर लिहून पैसे कमावणार आहे. 1903 पासून मास्टरसन आठवड्यातून तीनदा सदर लिहितो. पुढची 18 वर्षं.

सदर वाचून बघा. तुम्हाला शैलीदार गद्य हवं असेल तर निराश व्हाल. हा माणूस भांडतो. अमका ठोसेबाज नाही, नाचऱ्या आहे. तमक्याचा मॅनेजर चोर आहे. परवाची झुंज म्हणजे नुरा कुस्ती होती, आणि पैसे कुणाकुणात वाटले गेले ते मला माहीत आहे. आपल्याकडे नुरा म्हटल्यावर आखाड्याशी बसलेल्या म्हाताऱ्यांना जे सगळं समजतं, ते यालाही समजत होतं, कारण आयुष्याची पंचवीस वर्षं त्याने पत्त्यांच्या टेबलावर समोरच्याचे हात न्याहाळण्यात घालवली होती. कॉलेजातून आलेल्या वार्ताहराला ठोसा दिसे. याला न मारलेला ठोसा दिसे.

न मारलेल्या ठोशाची किंमत समजून घ्यायची तर 1911 ते 1917 या काळात एखाद्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये रिंगपाशी बसा. राज्यात फ्रॉली कायदा लागू आहे. झुंज दहा फेऱ्यांचीच, आणि निकाल द्यायचा नाही. पंचाने कुणाचाही हात वर करायचा नाही, कारण निकाल दिला की जुगार आलाच, असं आमदारांचं म्हणणं. जुगार थांबला का? छे. लोकांनी निकाल देणारे दुसरे पंच शोधले. ते म्हणजे वार्ताहर. नॉकआउट झाला नाही तर सकाळच्या पेपरात कोण जिंकला म्हणून लिहिलंय ते बघायचं आणि त्यावर पैजा चुकत्या करायच्या. याला ‘न्यूजपेपर डिसिजन’ म्हणत.

दहावी फेरी संपली आहे. दोघेही उभे आहेत. घंटा वाजते आणि वीस हजार डोळे रिंगवरून खाली उतरून पहिल्या रांगेत, पेन्सिली चालवणाऱ्या माणसांकडे वळतात. तुमच्या मागचा बुकी मान लांब करून मास्टरसनच्या कागदावर काय उमटतंय ते वाचायचा प्रयत्न करतो. मास्टरसन कागदावर हात आडवा धरतो. त्या दोन वाक्यांवर शहरात आज रात्री किती पैसे इकडचे तिकडे होणार आहेत याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही. या जागी बसणाऱ्याला विकत घेणं हा सगळ्यात स्वस्त सौदा, आणि काही जण विकले जातही. मास्टरसनला कुणी विकत घेतलं असं त्याच्या शत्रूंनीही सिद्ध केलं नाही. चुकीची बाजू त्याने मात्र अनेकदा धरली. रिचबर्गलाही तो हरणाऱ्याच्याच कोपऱ्यात होता.

याच काळात त्याचा सर्वांत मोठा सामना झाला, तो रिंगबाहेर. 1911 साली कार्ल मॉरिस नावाच्या एका गोऱ्या अजस्र पहिलवानाला न्यूयॉर्कमध्ये आणलं गेलं. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णी विजेता गादीवर असल्याने तेव्हा ‘गोरा त्राता’ शोधायची साथच आली होती. मास्टरसनने मॉरिसच्या झुंजीत काळंबेरं असल्याचं लिहिलं. मॉरिसचा मॅनेजर फ्रँक युफर भडकला आणि ‘ग्लोब’ या पत्राला त्याने सांगितलं की या मास्टरसनने नाव कमावलं ते दारू पिऊन पडलेल्या मेक्सिकन आणि इंडियन लोकांना पाठीमागून गोळ्या घालून. ‘ग्लोब’ने छापलं. मास्टरसनने पंचवीस हजार डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

मे 1913. न्यूयॉर्कच्या कोर्टात मागच्या बाकावर जागा मिळते. पत्राच्या बाजूने उलटतपासणीला उभा राहतो तो सडपातळ, मऊ बोलणारा वकील. नाव बेंजामिन कार्डोझो. तो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होईल. आज त्याच्यापुढे पेच आहे. माणूस मारण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्याची अब्रू, माणसं मारली म्हटल्याने जाते कशी? तो हळूच विचारतो, आयुष्यात आपण किती माणसं गोळी घालून ठार केलीत?

कोर्टात चिडीचूप. हा प्रश्न 1881 पासून साऱ्या देशाने आपसात विचारलेला, पण शपथेवर कुणी विचारला नव्हता. मास्टरसन सांगतो, साधारण तीन.

सव्वीसचे तीन झाले. तेही ‘साधारण’. मग हिशेब येतो. स्वीटवॉटरचा शिपाई. डॉज सिटीत भाऊ पडला त्या रात्रीचा वॅगनर. इंडियनांवर गोळ्या झाडल्या होत्या, पण त्यांतल्या किती लागल्या ते आपल्याला माहीत नाही. या कृत्यांचा अभिमान वाटतो का, असं विचारल्यावर तो म्हणतो की अभिमानाचा प्रश्न नाही, पण आपलं वागणं योग्य होतं असं आपल्याला वाटतं. कार्डोझो पिस्तुलांबद्दल, माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या ओळखीबद्दल, सगळं उकरतो. साक्षीदाराचा आवाज चढत नाही.

जूरी मास्टरसनच्या बाजूने कौल देते. साडेतीन हजार डॉलर. अपिलात त्याचे एक हजार होतात. मला स्वतःला या निकालाइतकीच मौज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. बत्तीस वर्षं त्या आकड्याने त्याची जाहिरात केली होती. रूझवेल्टने 1905 मध्ये त्याला वर्षाला दोन हजार डॉलरवर डेप्युटी मार्शल नेमलं ते काय त्याचं व्याकरण बघून? त्याच वर्षी आल्फ्रेड लुइसची कादंबरी निघाली, तिचा नायक हाच. ‘ह्यूमन लाइफ’ मासिकात 1907 साली याने स्वतः पश्चिमेच्या नामांकित पिस्तूलबाजांवर लेखमाला लिहिली. वायट अर्प, डॉक हॉलिडे, ल्यूक शॉर्ट, बेन थॉम्पसन. स्वतःवर नाही लिहिलं. तो लेख लुइसने लिहिला आणि त्यात हात राखायचं काही कारण त्याला नव्हतं. दुसऱ्याच्या झुंजीतला प्रत्येक खोटा ठोसा उघडा पाडणारा हा लेखक, स्वतःवरच्या खोट्या आकड्यापाशी आला की पेन्सिल खाली ठेवी. लबाडी म्हणा हवं तर. मी तिला सदर चालू ठेवण्याचा खर्च म्हणेन.

एक खेळ करून पाहा. तुम्ही संग्राहक आहात आणि मास्टरसनचं पिस्तूल तुम्हाला हवंच आहे. त्याच्या टेबलाशी आठवडाभर हेलपाटे घाला. हा किस्सा त्याच्या मित्रमंडळींत सांगितला जायचा, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला. कंटाळून तो गहाणवटीच्या दुकानातून एक जुनं कोल्ट घेऊन येतो, सवडीने चाकूने मुठीवर बावीस खाचा पाडतो आणि तुमच्या हातात ठेवतो. तुम्ही थरथरत्या बोटाने खाचा मोजता. बावीस? एवढे मारलेत? तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. यात मेक्सिकन आणि इंडियन धरलेले नाहीत, एवढंच सांगतो. तुम्ही हरखून पैसे मोजता. तुम्ही पहिले नाही आणि शेवटचेही नाही.

त्या वाक्यातला मेक्सिकन-इंडियनांचा उल्लेख त्या काळात विनोद म्हणून खपायचा. युफरने त्याच शब्दांनी त्याला डिवचलं तेव्हा मात्र तो कोर्टात गेला.

2 जुलै 1921, जर्सी सिटी. नुसत्या लाकडाचं अवाढव्य स्टेडियम, ऐंशी हजारांवर माणसं, जॅक डेम्प्सी विरुद्ध फ्रेंच विमानवीर जॉर्ज कार्पांतिए. गल्ला सतरा लाख डॉलरच्या वर, या खेळात दशलक्षाचा आकडा पहिल्यांदाच ओलांडला गेलाय. मास्टरसन पत्रकारांच्या रांगेत आहे, केस पिकलेले, हॅट तीच. बत्तीस वर्षांपूर्वीची ती चोरटी आगगाडी आठवते का? आता परवाना आहे, पोलीस आहेत, रेशमी पोशाखातल्या बायका आहेत. आणखी एक नवी वस्तू आहे, तिकडे लक्ष द्या. रिंगपाशी एक माणूस तोंडाजवळ यंत्र धरून बोलतो आहे आणि दूरवरच्या सभागृहांत, नाट्यगृहांत लोक ते रेडिओवर ऐकताहेत. चौथ्या फेरीत कार्पांतिए पडतो तेव्हा तो पडल्याचं त्यांना त्याच क्षणी कळतं. सकाळच्या पेपरची वाट बघायला नको. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये निकाल द्यायलाही आता वॉकर कायद्याने नेमलेले पंच आहेत. पहिल्या रांगेतल्या पेन्सिलींकडे कुणी वळून बघत नाही. मास्टरसनने हे टिपलं असेल असं मला वाटतं. माणसांचे डोळे कुठे वळतात ते तर तो जन्मभर बघत आला होता.

टेलिग्राफची कचेरी आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर पन्नासाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला आहे, ट्रामगाड्यांच्या जुन्या वखारीत. याच कचेरीत लुएला पार्सन्स सिनेमाची पानं सांभाळते, आणि मास्टरसनच्या हाताखाली सॅम टाउब नावाचा पोरगा आहे, जो पुढे रेडिओवर झुंजींचं वर्णन करून नाव मिळवेल. 25 ऑक्टोबरला मास्टरसन येतो, टेबलाशी बसतो आणि सदर लिहायला घेतो. टाइपरायटर नाही, हाताने. विषय लू टेंडलर आणि रॉकी कॅन्सस यांची ताजी झुंज. इतक्या मामुली खेळाला इतके पैसे मिळतात याचा त्याला राग आलाय. राग शेवटपर्यंत छान तापलेला आहे. पुढे तो लिहितो की जगात सगळ्यांना सारखंच मिळतं म्हणणारेही आहेत, बर्फाचंच घ्या, श्रीमंताला तो उन्हाळ्यात मिळतो आणि गरिबाला हिवाळ्यात. कोपरखळी त्याची सर्वोत्तम आहे, आणि बहुधा तीच लोकांच्या लक्षात राहील. हृदयविकाराने तो टेबलावरच जातो. वय 67.

डेमन रन्यन हा वार्ताहर त्याचा मित्र. बारा वर्षांनी तो एका कथेतल्या जुगाऱ्याला स्काय मास्टरसन असं नाव देईल, आणि त्या कथेवरून पुढे ब्रॉडवेवर ‘गाइज अँड डॉल्स’ उभं राहील. त्या मास्टरसनकडे सदर नाही. नंतरच्या टीव्ही मालिकेतल्या मास्टरसनकडेही नाही, तिथे काठी, हॅट आणि पिस्तूल आहे. अठरा वर्षं आठवड्यातून तीनदा लिहिलेला मजकूर कुणी पडद्यावर आणणार तरी कसा?

ब्राँक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत त्याचा दगड आहे. तो सर्वांचा लाडका होता असं त्यावर कोरलंय. याला दुजोरा हवा असेल तर ऑटो फ्लोटो अजून डेन्व्हरमध्ये आहे. गाडी शिकागोला बदलावी लागते.